गोकुळनगरातून गावाकडे : ‘संग्राम’ आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेची वाटचाल

भारतात एचआयव्हीचं पहिलं निदान १९८६ साली मद्रासमध्ये झालं. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या तरुण विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि त्यांतल्या काहींमध्ये विषाणू सापडला. शास्त्राच्या दृष्टीने ती मोठी कामगिरी होती. पण नमुने ज्या बायकांचे होते त्यांच्याच नावावर हा रोग त्या दिवसापासून चढला. रक्त त्यांचं तपासलं, म्हणून रोग त्यांनीच आणला, असा हिशेब वर्तमानपत्रांनी, पुढाऱ्यांनी आणि बऱ्याच डॉक्टरांनीही मांडला. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांचं रक्त तपासायला कुणी जात नव्हतं. ‘संग्राम’चा इतिहास सांगायचा तर या हिशेबापासूनच सुरुवात करावी लागते, कारण संस्थेची सारी वर्षं तो खोडण्यात गेली.

संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजेच ‘संग्राम’, मीना सरस्वती शेषू यांच्या पुढाकाराने सांगलीत १९९२ साली उभी राहिली. त्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचं काम सुरू झालं. सरकार, शास्त्रज्ञ आणि कार्यकर्ते एकाच वर्षी जागे झाले. त्यांनी धरलेल्या वाटा मात्र वेगळ्या होत्या.

सांगलीच का, हा प्रश्न बाहेरचे लोक नेहमी विचारतात. हळदीचा आणि गुळाचा बाजार, साखर कारखाने, द्राक्षं आणि मिरजेचं रेल्वे जंक्शन यांमुळे इथे ट्रक आणि माणसं यांची ये-जा कायमची. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढलं तेव्हापासून कर्नाटकातले रोगीही इथेच येतात. दक्षिणेला सौंदत्तीची यल्लम्मा. देवीला सोडलेल्या मुलींपैकी कितीतरी जणी सांगली, मिरज, निपाणीच्या वस्त्यांत पोचल्या. आणि याच जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्यासाठी देशभर पसरलेले. सुरतेच्या कतारगामात हिऱ्याच्या घंटीवर बसणारा सौराष्ट्रातला तरुण आणि विट्याहून परमुलखात गेलेला गलाईवाला यांचं जिणं फार वेगळं नाही. खोलीत आठ-दहा पुरुष, बायको गावी, हातात बऱ्यापैकी पैसा आणि वर्षातून एक-दोनदा घरी फेरी. त्याच सुरतेतल्या देहविक्रयाच्या वस्तीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी २००० साली पाहणी केली, तेव्हा तपासलेल्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. अशा फिरत्या जिण्यातूनच विषाणू गावागावांत पोचत होता. सांगली जिल्ह्याचं नाव पुढे राज्यातल्या सर्वांत जास्त लागण असलेल्या जिल्ह्यांत आलं, ते उगाच नाही.

सुरुवातीच्या काळात सरकारी जनजागृती म्हणजे भीतीचं भित्तिपत्रक होतं. कवटी, हाडं, साप आणि खाली लाल अक्षरांत एड्स म्हणजे मृत्यू. सांगलीच्या गोकुळनगर या देहविक्रयाच्या वस्तीतल्या बायकांना त्यात नवं काहीच नव्हतं. मरणाची भीती त्यांना दाखवण्याची गरज नव्हती, ती उंबऱ्यावर बसलेलीच होती. कार्यकर्ते आले की दारं बंद होत. याआधी आलेल्यांनी एकतर सुधारगृहाची भाषा केली होती किंवा रक्ताच्या बाटल्या भरून नेल्या होत्या, आणि निकाल सांगायला परत कुणी फिरकलं नव्हतं.

‘संग्राम’ने या अनुभवातून एक निर्णय लवकर घेतला. निरोध वाटायचे, वापरायला शिकवायचे, हिशेब ठेवायचा, हे सगळं वस्तीतल्या बायकांनीच करायचं. मला विचाराल तर संस्थेच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. धंदा त्यांचा, गिऱ्हाईक त्यांचं, त्याच्या खोड्या त्यांना ठाऊक. दारू पिऊन आलेल्याला कसं वळवायचं, दुप्पट पैसे देतो पण निरोध नको म्हणणाऱ्याला काय सांगायचं, हे कुठल्या डॉक्टरला माहीत असणार? वाटप करणारी बाई दुपारच्या सुमाराला निघते, कारण सकाळी वस्ती झोपलेली असते आणि संध्याकाळ धंद्याची. उंबऱ्यावर टेकते, चहा होतो, आजारपणं निघतात, मग विषय येतो. काल किती गिऱ्हाईकं झाली, निरोध किती लागले, किती उरले. आकडे जुळले नाहीत की ती ओळखते, कुणीतरी निरोधाशिवाय बसलं आहे. ओरडायचं नसतं. का, एवढंच विचारायचं असतं. ‘घरवालीने (कोठीच्या मालकिणीने) घाई केली’, ‘पोराच्या फीचे पैसे हवे होते’, ‘फाटला’. प्रत्येक उत्तराला वेगळा इलाज लागतो. सरकारी मोफत निरोध कोरडा असतो, फाटतो, ही तक्रार वर पोचवण्याचं कामही याच बायकांनी केलं.

सर्वांत अवघड होता तो ‘मालक’. गिऱ्हाइकाशी बाई कडक होऊ शकते, पण मालक म्हणजे जवळचा पुरुष. त्याच्या नावाने काही जणी कुंकू लावतात, त्याला जेवू घालतात, प्रसंगी त्याचा मार खातात आणि पैसेही देतात. त्याच्याशी निरोध वापरायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा. लग्नाच्या बायकोला जी अडचण नवऱ्यापुढे येते तीच इथे मालकापुढे येत होती. वस्तीतल्या बायकांनी हे ताडलं आणि त्यातून पुढचं पाऊल पडलं. आपल्याकडे येणाऱ्या पुरुषांच्या घरी बायका आहेत, त्यांना हे कोण सांगणार, हा प्रश्न वस्तीतून आला. ‘संग्राम’चं ग्रामीण काम त्यातूनच वाढलं. एड्सची माहिती शहाण्यांकडून वस्तीकडे जाते असा साऱ्यांचा समज. सांगली जिल्ह्यात ती वस्तीतून गावाकडे गेली.

१९९६ साली या बायकांनी स्वतःची संघटना नोंदवली : वेश्या अन्याय मुक्ती परिषद, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘व्हॅम्प’. सांगली-मिरजेपासून सुरू झालेलं काम कोल्हापूर, सातारा, सोलापूर, कोकणाचे जिल्हे आणि सीमेपलीकडचं निपाणी इथवर गेलं. हजारो बायका तिच्याशी जोडल्या गेल्या आणि महिन्याला वाटले जाणारे निरोध काही लाखांवर गेले. पण संघटना निघाली ती फक्त निरोधासाठी नव्हे. रस्त्यावर उभ्या बाईच्या पिशवीत निरोध सापडले की तोच धंद्याचा पुरावा धरला जाई आणि वाटप करणारीलाही उचललं जाई. सरकारचा आरोग्य विभाग एका हाताने निरोध देत होता आणि सरकारचंच दुसरं खातं त्यावरून पकडत होतं. एकटी बाई यावर काय करणार? पन्नास जणी चौकीवर गेल्या की साहेबांना उत्तर द्यावं लागतं.

२००२ च्या सुरुवातीला निपाणीत संघटनेच्या कामाला कडाडून विरोध झाला. वाटप करणाऱ्या बायकांना घराबाहेर पडणं मुश्कील झालं, वस्तीत निरोध पोचेनात. त्या वर्षीच्या जुलैमध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने एड्स प्रतिबंधाचं काम करणाऱ्यांच्या छळावर भारतविषयक अहवाल प्रसिद्ध केला, त्यात निपाणीच्या या घटनांची दखल आहे. निपाणीच्या बायकांनी वस्ती सोडली नाही. आज वस्तीतल्या मुलांचं ‘मित्रा’ वसतिगृह त्याच निपाणीत चालतं.

गावातलं काम वेगळ्याच अंगाने कठीण होतं. तिथे रोग कुणालाच नसतो. मुंबईहून, सुरतेहून, ट्रकवरून परत आलेला पुरुष बारीक होत जातो. घरचे टीबी सांगतात, गाव करणी म्हणतं आणि एक दिवस तो जातो. तपासणीचा कागद हाती आलेला असतो फक्त सासऱ्याच्या किंवा दिराच्या. बायकोला नवऱ्याच्या रोगाचं नाव त्याच्या तेराव्यानंतर कळतं आणि तेही ‘तूच आणलंस’ या शब्दांत. दोन लेकरांसह ती माहेरी धाडली जाते, भांडी वेगळी होतात, शेतीच्या उताऱ्यावर तिचं नाव चढत नाही. तिला हा विषाणू एकनिष्ठ संसारात मिळाला, पण शिक्षा मात्र बदफैलीची. एचआयव्हीचे सामाजिक परिणाम समजून घ्यायचे तर या विधवांच्या सातबाऱ्यापासून सुरुवात करावी. ‘संग्राम’च्या कार्यकर्त्या तलाठी कचेरीत, कोर्टात आणि सासरच्या ओसरीवर या बायकांबरोबर बसल्या. गोळीइतकीच जमीनही त्यांना जगवते, हे त्यांनी ओळखलं होतं.

दवाखान्याचं चित्रही तेव्हाच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयासारखंच होतं. केस पेपरवर लाल अक्षरांत शेरा, शेवटच्या कोपऱ्यातली खाट, लांबून सरकवलेलं ताट, बाळंतपणाच्या वेळी हात लावायला कुणी तयार नाही. प्रेत उचलायलाही माणूस मिळत नसे. अशी कितीतरी प्रेतं वस्तीतल्या बायकांनी स्वतः खांद्यावर नेली. संघटनेच्या बायका वॉर्डात जाऊन बसू लागल्या. पेशंटला आपल्या हाताने जेवू घालू लागल्या. शिवल्याने काही होत नाही, हे नर्सला आणि वॉर्डबॉयला भाषण न करता दिसलं. जनजागृतीचे शंभर फलक जे करू शकले नाहीत ते या ताटाने केलं, असं मी खात्रीने म्हणतो.

औषधं मात्र त्यांच्या हातात नव्हती. परदेशात १९९६ पासून तीन औषधांचा एकत्र उपचार मिळत होता, पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या डॉ. युसूफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि जगभरचा भाव कोसळला. तरी दिवसाला एक डॉलर म्हणजेही इथल्या बाईला डोंगरच होता. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने मोफत एआरटी (विषाणूविरोधी उपचारपद्धती) सुरू केली. महाराष्ट्रात सुरुवातीला ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मिळायची, नंतर केंद्रं जिल्ह्यांत पसरली. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत ज्या गेल्या त्यांची नावं कुठल्या स्मारकावर नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणी निरोध वाटणाऱ्या होत्या. आपल्याला उशीर झाला हे कळूनही दुसरीला वाचवत राहिल्या. या इतिहासाचं पहिलं पान खरं तर त्यांचं.

२००५ हे वर्ष संस्थेच्या कसोटीचं ठरलं. अमेरिकेने २००३ च्या कायद्यान्वये अट घातली होती की एड्ससाठी तिचा पैसा घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याचं लेखी धोरण स्वीकारलं पाहिजे. वाटप करणाऱ्या बायकांनाच ‘आम्ही तुमच्या विरोधात आहोत’ असं लिहून द्यायचं आणि मग त्यांच्याबरोबर काम करायचं, हे ‘संग्राम’ला मान्य होणं शक्य नव्हतं. संस्थेने ती मदत नाकारली. ब्राझीलसारख्या देशानेही त्याच वर्षी याच कारणासाठी चार कोटी डॉलर सोडले. पण तो देश होता, ही सांगलीतली एक संस्था. त्याच वर्षी मे महिन्यात एका परदेशी ‘सुटका’ संस्थेच्या सहभागाने गोकुळनगरावर मोठी धाड पडली आणि मानवी वाहतुकीला पाठीशी घातल्याचे आरोप ‘संग्राम’वरच झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१३ मध्ये ही अट तिथल्या संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. परदेशातल्या संस्थांना ते संरक्षण मिळालं नाही. दुसऱ्याच्या देशातल्या कोर्टातही सांगलीची बाजू निम्मीच लागली.

धाडी आणि हकालपट्टी यांनी रोग आटोक्यात येतो, हा समज अजून गेलेला नाही. गोव्यात वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती जून २००४ मध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, बुलडोझर लावून पाडली. बायका शहरभर आणि शहराबाहेर पांगल्या. ज्या संस्था तिथे निरोध आणि उपचार पोचवत होत्या त्यांना त्या सापडेनाशा झाल्या. वस्ती मोडली की धंदा मोडत नाही, ओळख मोडते. आणि ओळखीशिवाय एचआयव्हीचं काम होत नाही. ‘संग्राम’ने २०१८ मध्ये धाडींत पकडल्या गेलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाखती दिलेल्या २४३ जणींपैकी १९३ जणींनी, धाड पडली तेव्हा आपण स्वतःच्या मर्जीने धंद्यात होतो, असं सांगितलं.

या भूमिकेवर टीका झाली, अजून होते. महाराष्ट्रातल्या स्त्री चळवळीतल्या अनेकींना धंद्याला काम म्हणणं पटत नाही. देवदासी प्रथेविरुद्ध ज्यांनी १९७५ च्या गडहिंग्लज परिषदेपासून लढा दिला त्यांची अस्वस्थता तर समजण्यासारखी आहे. या वादाला टाळणं बरं नाही. अल्पवयीन मुलगी आणि फसवून आणलेली बाई यांचा प्रश्न खराच आहे. त्यासाठी परिषदेने वस्तीवस्तीत तंटामुक्ती समित्या केल्या. नवी मुलगी आली की चौकशी होते. वय कमी दिसलं किंवा ती राजी नसली तर तिला बाहेर काढण्याचा प्रयत्न होतो. कधी तो फसतोही. पण बाहेरून दार फोडून येणाऱ्यापेक्षा आत राहणाऱ्या बाईला कोण फसवून आणलं गेलं आहे हे आधी कळतं, हा साधा मुद्दा टीकाकारांनीही तपासून पाहावा.

परिषदेच्या बायका नंतर रंगमंचावरही गेल्या. सुषमा देशपांडे यांच्याबरोबर त्यांनी घरवाली, मालक आणि मालकाची बायको यांच्या गुंत्यावर नाटक बसवलं आणि प्रेक्षकांपुढे स्वतःच उभ्या राहिल्या. ‘मुस्कान’च्या नावाने समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांचं काम पुढे उभं राहिलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा मानणाऱ्या कलम ३७७ चा निकाल लागला, तोवर त्यांचं बरंच सोसून झालं होतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि वस्त्या एका रात्रीत बसल्या. खोलीभाडं, घरातलं रेशन, एआरटीच्या गोळ्या, सगळंच अडलं. रेशनकार्ड नसलेल्या बायकांना रेशन कसं मिळणार? २९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा देण्याचा आदेश दिला. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये आणि शाळेत जाणारं मूल असल्यास आणखी २,५०० रुपये मंजूर केले. ही मदत द्यायची कुणाला, याची यादी सरकारकडे होती ती एड्स नियंत्रणाच्या कामातूनच. निरोधाचे हिशेब ठेवता ठेवता तयार झालेल्या नोंदी भुकेच्या वेळी कामी आल्या.

१९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात न्या. नागेश्वर राव यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं की या बायकांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, पोलिसांनी त्यांच्याशी नीट वागावं, निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये आणि त्यांना आधार कार्ड मिळावं. १९९६ साली चौकीसमोर बसलेल्या बायका हेच मागत होत्या. कागदावर येण्यास सव्वीस वर्षं लागली. वस्तीत उतरायला आणखी किती लागतील, ते परिषदेलाच बघावं लागेल.

आता चित्र पुष्कळ पालटलं आहे. दिवसाला एक गोळी नियमित घेणारा माणूस धडधाकट जगतो, विषाणू रक्तात सापडेनासा झाला की तो जोडीदाराकडे जात नाही आणि गरोदर बाईला वेळेवर उपचार मिळाले तर बाळ बहुधा निरोगीच जन्मतं. देशात आजही सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. रोगाची भीती ओसरली, तसा विषयही ओसरला. शाळांत बोललं जात नाही, देणगीदारांना नवे विषय मिळाले, आणि वीस वर्षांची मुलं-मुली एड्स हा जुन्या पिढीचा आजार समजतात. नवी लागण होते ती अशाच ठिकाणी. काम संपलं म्हणून संस्थेचा सत्कार करणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की ते संपलेलं नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. ती करून घ्या. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार या कारणावरून कुणाला नोकरीतून, शाळेतून, भाड्याच्या घरातून किंवा दवाखान्यातून घालवणं बेकायदा आहे, आणि संमतीशिवाय रक्त तपासणंही. आपल्या ओळखीत असं घडलं तर त्या माणसाच्या बाजूने उभे राहा, आणि एकट्याने होत नसेल तर ‘संग्राम’कडे या.